शाळेत हातांनी तंत्रज्ञान : शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

पाचवी ते नववीच्या मुलांना गटात बसवायचं आणि काहीतरी चालणारं, उभं राहणारं, वजन पेलणारं बनवायला सांगायचं, एवढंच हे काम. गावातल्या आणि शहरातल्या शाळांमध्ये ते घेताना शिक्षक-पालकांकडून जवळपास तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काहींची लांबली आहेत, कारण ती लांबायलाच हवी होती.

विज्ञान प्रदर्शन तर दरवर्षी होतंच. मग यात वेगळं काय?

प्रदर्शनातली वस्तू छान दिसली की काम भागतं. इथे ती चालावी लागते. प्रदर्शनात मांडलेला ज्वालामुखी किंवा ठिबक सिंचनाचा देखावा बऱ्याचदा घरच्या मोठ्यांनी आदल्या रात्री जागून केलेला असतो आणि मूल परीक्षकांपुढे पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. मुलाला दोष द्यायचं कारण नाही, त्याला कामच तसं मिळालेलं असतं.

या उपक्रमांत गटाला एक काम दिलं जातं, मोजकंच सामान दिलं जातं आणि शेवटी सगळ्यांसमोर चाचणी होते. ‘पन्नास काड्यांत चाळीस सेंटिमीटरची फट ओलांडणारा पूल करा, मधोमध बादली टांगायची आहे.’ पूल बादली पेलतो किंवा मोडतो. कुणाच्या वशिल्याने, अक्षराने किंवा इंग्रजीने तो जास्त पेलत नाही. वर्गात एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं या कामात पुढे येतात, त्याचं मुख्य कारण मला तरी हेच दिसतं.

कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

पाचवीपासून. कात्री, पट्टी आणि गाठ मारणं तोवर हातात बसलेलं असतं. त्याआधीही कागदाच्या घड्या, चाकं, भिंगऱ्या असं पुष्कळ करता येतं, पण गटाने ठरवून एक वस्तू उभी करायची तर थोडी वाट पाहिलेली बरी.

पहिल्या तासाला नेमकं काय घ्यावं?

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी. ही जोडी शिक्षकांपर्यंत पोहोचवली अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या या अभियंत्याने पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी केली, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी संबंध आल्यावर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचं काम हाती घेतलं आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी असलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते वाढवलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्या-ट्यूबचा हा खेळ काही रुपयांत होतो, म्हणून सुरुवातीला दुसरं काही शोधूच नका.

काड्यांचा गुल आधी खरवडून टाका. हे काम मोठ्यांनी करायचं आणि निघालेला गुल लगेच पाण्यात टाकायचा. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचली की सांधा तयार, आणि तो दुमडतोही. अशा तीन सांध्यांचा त्रिकोण आणि चार सांध्यांचा चौकोन प्रत्येक गटाने करायचा. मग म्हणायचं, ‘आता दोन्ही दाबून बघा.’

चौकोन लगेच कलंडतो, त्याची पतंगासारखी आकृती होते. त्रिकोण हलत नाही. इथे घाईने ‘म्हणून त्रिकोण मजबूत असतो’ असं सांगून टाकू नका. ‘हा चौकोन न कलंडणारा करून दाखवा’ एवढंच सांगा. दोन-चार मिनिटांत कुणीतरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी काडी लावायला जातं आणि काडी पुरत नाही. बाजूची काडी जेवढी, त्याच्या साधारण 1.4 पट लांबी तिथे लागते. मुलं दोन काड्या जोडतात, जास्तीची कापतात, मोजतात. सातवी-आठवीच्या वर्गात पायथागोरसचा सिद्धान्त फळ्यावर येऊन गेलेला असतो, पण त्याची गरज बहुतेकांना पहिल्यांदा पडते ती या अपुऱ्या काडीमुळे. गणिताच्या शिक्षकांना त्या तासाला मुद्दाम बोलवा.

पुढची पायरी तीन काड्यांच्या सांध्याची. ट्यूबच्या तुकड्याला मधोमध बाभळीच्या काट्याने आरपार भोक पाडायचं आणि त्यात तिसरी काडी खोचायची. असे सांधे जमले की त्रिकोणावर त्रिकोण चढवून मनोरा होतो. गावाबाहेर विजेचा किंवा मोबाईलचा टॉवर असेल तर त्या दिवशी घरी जाताना मुलांना त्यातले त्रिकोण मोजायला सांगा.

काड्या, ट्यूब ठीक आहे, पण पूल कसा घ्यायचा? त्याचे नियम काय?

आधी कागदाचा पूल घ्या, काड्यांचा नंतर. झेरॉक्सचा एक साधा कागद साधारण पाच ग्रॅमचा असतो. पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये वीस सेंटिमीटरची फट ठेवून तो आडवा टाकला तर स्वतःच्याच वजनाने मधे लवतो. त्याच कागदाला लांबीच्या दिशेने एकेक सेंटिमीटरच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या की त्यावर कंपासपेटी ठेवता येते. कागद तोच आणि वजनही तेच, बदलला तो आकार. गोठ्यावरचा पत्रा पन्हळी का असतो आणि खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागद का असतो, हे मुलं आपण न सांगता ओळखतात.

काड्यांच्या पुलासाठी आइस्क्रीमच्या काड्या घ्या. कोकणात नारळाच्या झावळीचे हीर फुकट मिळतात, तेही उत्तम, फक्त जुड्या बांधाव्या लागतात. सगळ्या गटांना काड्या सारख्याच मोजून द्या आणि फेविकॉलची वाटीही एकाच मापाची द्या. फेविकॉल रात्रभर वाळू द्यावा लागतो, तेव्हा एका दिवसात बांधणी आणि चाचणी दोन्ही उरकायला जाऊ नका. ओल्या सांध्यांवर बादली टांगून ‘पूल मोडला’ म्हणणं हा मुलांच्या कष्टांवर अन्याय आहे.

चाचणीला दोन बाकांमध्ये पूल ठेवून मधोमध सुतळीने छोटी बादली टांगा. लिटरच्या बाटलीने पाणी ओतत जा, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वेगळा काटा लागत नाही. खाली गोणपाट अंथरा. पाय जवळ आणायचे नाहीत.

निकाल लावताना नुसतं ‘सर्वांत जास्त वजन’ बघू नका. पेललेल्या वजनाला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागा. मग सगळ्या काड्या चिकटवून ठोकळा करणारा गट मागे पडतो आणि विचार करून काड्या वाचवणारा पुढे येतो. खऱ्या पुलावर सिमेंट-लोखंडाचा खर्च कुणीतरी भरत असतो, ही गोष्ट याच ठिकाणी सांगितली तर पटते.

कोकण रेल्वे ज्यांना जवळ आहे त्यांनी मुलांना रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल दाखवावा. त्याचे सर्वांत उंच खांब जवळपास 64 मीटरचे आहेत. एवढ्या खोल दरीतून आधाराचे मचाण उभारत बसण्यापेक्षा पुलाचा पेटीसारखा पोकळ काँक्रीटचा गर्डर (आडवी तुळई) एका टोकाला तयार करत करत खांबांवरून पुढे ढकलत नेला. काड्यांचा पूल केलेल्या मुलांना हे ऐकताना ‘पोकळ का?’ आणि ‘ढकलताना मधेच वाकला कसा नाही?’ असे प्रश्न पडतात. पूल न केलेल्या मुलांना तो फक्त उंच वाटतो.

पूल मोडला की मुलं हिरमुसतात, काही रडतातही. मग मोडायची चाचणी घ्यायचीच कशाला?

मुलं हिरमुसतात, खरं आहे. रडणाऱ्या मुलाला ‘काही नाही होत’ म्हणून उडवून लावू नका, त्याने जीव ओतून काम केलेलं असतं.

चाचणी मात्र सोडू नका. आमच्या मते अख्ख्या उपक्रमातली सर्वांत मोलाची दहा मिनिटं मोडल्यानंतरची असतात. तुकडे गोळा करून गटापुढे ठेवा आणि एकच गोष्ट विचारा, ‘आधी काय गेलं?’ सांधा उखडला की काडी तुटली? सांधा उखडला असेल तर काड्या शाबूत आहेत, म्हणजे चिकटवण्याची जागा अपुरी पडली. काडी तुटली असेल तर ती ओढली जाऊन तुटली की दाबली जाऊन आधी बाजूला बाक आला आणि मग मोडली? लांब काडी दाबाखाली लवकर बाक घेते, आखूड काडी टिकते. ते तिथल्या तिथे दाखवता येतं. एक अख्खी आणि एक अर्धी काडी टेबलावर उभी धरून बोटाने दाबायला सांगा.

हे बोलणं झालं की दुसरा पूल करायला द्याच. पहिला पूल मोडल्यावर उपक्रम संपवला तर मुलांच्या लक्षात फक्त मोडणं राहतं. दुसरा पूल साधारणपणे पहिल्यापेक्षा चांगला होतो, आणि तो का चांगला झाला हे मुलं स्वतः सांगतात. वेळ कमी असेल तर कृती निम्म्या करा, पण प्रत्येक कृतीला दुसरी फेरी ठेवा. ही आमची एकमेव अट म्हणा हवं तर.

चाचणीचा मोबाईलवर संथ गतीचा व्हिडिओ घेऊन ठेवला तर ‘आधी काय गेलं’ यावरचे वाद लवकर मिटतात.

गट किती जणांचा असावा?

चार. तिघांत एक जण एकटा पडतो आणि पाचांत एक जण नुसता बघत राहतो. पट मोठा असेल तर गट वाढवा, गटातली मुलं वाढवू नका. वर्ग साठ मुलांचा असला तर अर्ध्या वर्गाला बांधणी आणि अर्ध्याला आराखडा, असं आलटून-पालटून द्या.

मुलगे हत्यारं घेऊन बसतात आणि मुलींना सजावट मिळते. काय करावं?

हे जवळपास प्रत्येक मिश्र वर्गात दिसतं. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, कटर मुलग्यांच्या हातात जातात आणि मुलींना गटाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहायला बसवलं जातं. बऱ्याचदा त्या तक्रारही करत नाहीत, कारण घरी तेच पाहिलेलं असतं. शिक्षकाने लक्ष घातलं नाही तर मुली पूर्ण सत्र संपेपर्यंत एकही सांधा जोडत नाहीत.

उपाय सोपा आहे. चार कामं ठरवा : मोजणं-आखणं, कापणं, जोडणं आणि नोंद ठेवणं. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजवा आणि कामं एकेक घर पुढे सरकवा. ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्याने स्वतःच करायचं, शेजारच्याने फक्त तोंडाने मदत करायची. सजावटीला गुण ठेवू नका, म्हणजे त्या कामावर कुणाला बसवायचा मोहच होत नाही. सुरुवातीला एखाददुसऱ्या सत्रात फक्त मुलींचे गट केले तरी चालतील. एकदा पक्कड हाताला सरावली की पुढे मिश्र गटात त्या ती सोडत नाहीत.

मी भाषेची शिक्षिका आहे. मला यातलं काही येत नाही. मी हे घेऊ शकते का?

हो, बाई, नक्की घ्या. या कामात शिक्षकाला उत्तर माहीत असण्यापेक्षा थांबता येणं जास्त लागतं. मुलाच्या हातात गाठ अडकली की आपला हात आपोआप पुढे जातो, ‘दे इकडे, मी करते.’ तो हात आवरायचा. मुलाने ‘बाई, हे कसं करू?’ विचारलं तर ‘आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?’ असं विचारा. पुष्कळदा ते सांगता सांगताच मुलाला पुढचं सुचतं.

एक गोष्ट मात्र आधी करा. जी वस्तू मुलांकडून करून घ्यायची ती घरी एकदा स्वतःच्या हाताने करा. कुठे अडतं, किती वेळ जातो, कात्री कुठे बोथट पडते हे त्याशिवाय कळत नाही. भाषेच्या शिक्षकांकडे एक मोठी जमेची बाजूही आहे, ती म्हणजे नोंदवही. ‘आम्ही काय केलं, काय बिघडलं, काय बदललं’ हे मुलांकडून स्वच्छ मराठीत लिहून घेणं विज्ञानाच्या तासाला फारसं होत नाही.

सातवी-आठवीला थोडं मोठं काही सुचवा.

सिरिंजची जेसीबी. गावातल्या रस्त्याच्या किंवा विहिरीच्या कामावर जेसीबी चालताना बघत उभं राहिलं नाही असं मूल विरळा, त्यामुळे उत्साह आपोआप येतो.

पुठ्ठ्याचे तीन भाग कापा : बूम (यंत्राला जोडलेला हात), आर्म (त्याच्या पुढचा हात) आणि बकेट (टोकाचं खोदायचं फावडं). ते बांबूच्या काडीच्या आसावर फिरते जोडा. प्रत्येक सांध्याला सिरिंजची एक जोडी, दोन्ही सलाइनच्या नळीने जोडलेल्या, आत पाणी. एक सिरिंज यंत्रावर बसते, दुसरी मुलाच्या हातात. सिरिंज मेडिकलमधून कोऱ्या आणा आणि सुया दुकानातच काढून टाका. वापरलेली सिरिंज किंवा नळी कुणी दवाखान्यातून आणली तर ती अजिबात घ्यायची नाही.

पाणी भरताना नळी आणि सिरिंज दोन्ही घमेल्यात पाण्याखाली बुडवून जोडा. तरीही बुडबुडा राहतोच, आणि राहिला तर आधी तसाच राहू द्या. मुलाने दांडा दाबला की बकेट थोडी थांबून, दचकत उचलली जाते. ‘ही उशिरा का हलते?’ असा प्रश्न गटातून आला की नळी उजेडात धरून बुडबुडा दाखवा. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. बुडबुडा काढल्यावर तीच बकेट दांड्याबरोबर हलते. खऱ्या जेसीबीत पाण्याऐवजी तेल असतं, त्यातही हवा शिरली की यंत्र असंच अडखळतं. हे सांगायला जेसीबीचा ऑपरेटरच वर्गात आला तर फारच उत्तम.

मग एका बाजूला 5 मिलिलिटरची आणि दुसऱ्या बाजूला 20 मिलिलिटरची सिरिंज लावा. लहान सिरिंज पूर्ण दाबायला हाताला चार सेंटिमीटरच्या आसपास सरकावं लागतं, मोठीचा दांडा मात्र जेमतेम दीड सेंटिमीटर वर येतो. अंतर गेलं कुठे? एका मुलाने मोठी अंगठ्याने दाबून धरायची आणि दुसऱ्याने लहान दाबायची. मोठी धरून ठेवणारा हरतो. अंतर गमावलं आणि जोर मिळवला. बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम असा अंगठ्याला कळतो. मग पुस्तकातलं सूत्र वाचायला मुलांची हरकत नसते.

दुसरी एखादी कृती, जी कमी वेळात होईल?

वजन उचलणारी पवनचक्की. पुठ्ठ्याची किंवा बाटलीच्या प्लॅस्टिकची पाती, सायकलच्या आऱ्याचा आस, आसाला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला खिळे भरलेला कागदी कप. वाऱ्यासाठी टेबलफॅन. मुंबईतल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आराखडा आणि तंत्रज्ञान या विषयावर उच्च प्राथमिक गटातल्या मुलांसोबत जे काम केलं, त्यात वजन उचलणारी पवनचक्की होती, पिशवी बनवणं होतं आणि कळसूत्री बाहुल्याही होत्या. त्यात मराठी माध्यमाची मुलंही होती. त्या कामातून घेण्यासारखी गोष्ट ही की मुलांनी आधी कागदावर आराखडा काढायचा, सामानाची यादी मापांसह लिहायची आणि मगच सामानाला हात लावायचा.

सातारा जिल्ह्यातल्या शाळांना चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या डोळ्यांसमोर आहेत. तिथली पाती तिरपी का आहेत, तीनच का आहेत, हे प्रश्न मुलांना विचारून ठेवा. पात्याचा कोन बदलत आपला कप किती सेकंदांत वर येतो याचा तक्ता मुलांनी केला की पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघतं.

मोटार आणि सेलची गाडी केली. मोटार हातात जोरात फिरते, पण गाडी पळत नाही. बिघाड कुठे?

बहुधा बिघाड नसतोच. लहान मोटार खूप वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. चाक थेट तिच्या दांड्याला लावलं तर ती गाडी ओढू शकत नाही. मधे दातेरी चाकं घाला. मोटारीवर दहा दात्यांचं, आसावर चाळीस दात्यांचं. वेग चौथा हिस्सा होतो आणि जोर चौपटीच्या जवळ जातो, थोडा घर्षणात जातो. दातेरी चाकं नसतील तर लहान-मोठ्या कप्प्या आणि रबरबँड चालतो. घाटात सायकलवाला मागच्या मोठ्या दात्यांवर साखळी का घेतो, हे गिअरची सायकल उलटी ठेवून तिथेच दाखवा.

रोबोटिक्सचं किट घ्यावं का? विक्रेते पालकसभेतच माहिती द्यायला येतात.

पहिल्या वर्षी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. किटमधले तुकडे एकमेकांत बसतील असेच घडवलेले असतात, त्यामुळे सांधा कसा करायचा हा प्रश्न मुलाला पडतच नाही. पुस्तिकेतल्या चित्राबरहुकूम गाडी तयार होते, फोटो निघतो आणि किट कपाटात जातं, कारण भाग हरवले तर पैसे कोण भरणार!

आठवी-नववीत मुलांचे हात तयार झाल्यावर संगणकावरून प्रोग्राम भरायचा एखादा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जरूर आणा. आर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्रेआ इथे विद्यार्थ्यांना स्वस्तात वापरता यावा म्हणूनच जन्माला आला. मायक्रोबिट हा बोर्ड बीबीसीने 2016 साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने फुकट वाटला. दोन्हींचा वापर एखाद्या खऱ्या कामासाठी करा : शाळेच्या टाकीत पाणी भरलं की घंटा वाजवणं, परसबागेतली माती सुकली की दिवा लावणं. टाकी भरून वाहत असते ती रोज सगळ्यांना दिसते, तेव्हा मुलांना हे काम कशासाठी ते समजावावं लागत नाही.

अटल टिंकरिंग लॅब म्हणजे काय? आमच्या शाळेत नसेल तर?

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली 2016 पासून शाळांमध्ये या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. निवड झालेल्या शाळेला उभारणीसाठी 10 लाख आणि पाच वर्षं चालवण्यासाठी 10 लाख, असं 20 लाखांपर्यंत अनुदान मिळायचं. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, हत्यारं असं सगळं त्यात असतं. देशभरात अशा दहा हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजार जाहीर झाल्या.

योजना चांगली आहे. दुखतं ते वेगळंच. काही ठिकाणी प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि ते तपासणीच्या दिवशीच उघडतं. थ्रीडी प्रिंटरवर अजून दुकानातलं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं. तुमच्या शाळेत लॅब असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते आधी विचारा आणि आठवड्याचा एक ठरलेला तास मागून घ्या. नसेल तर जवळच्या लॅब असलेल्या शाळेला पत्र लिहा. आसपासच्या मुलांनाही ती वापरता यावी, हे योजनेतच अभिप्रेत आहे. आणि तेही जमलं नाही तर पक्कड, कात्री, करवत, हातोडी, पट्टी आणि एका बंद पडलेल्या मिक्सरवर वर्षभर काम चालतं.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असं आमचे एक विश्वस्त म्हणतात. त्यांना काय सांगू?

त्यांना पाबळला घेऊन जा. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून हा माणूस दुष्काळी गावात राहायला आला, कारण मुलं काम करता करता शिकतात यावर त्यांचा विश्वास होता. शाळा सोडलेल्या मुलांनी तिथे वेल्डिंग केलं, घरं बांधली, विजेची जोडणी केली, शेती आणि पशुपालन केलं. त्यातूनच माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. यंत्रकाम, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग, आणि आठवड्याचा एक दिवस हातांच्या कामाला. मुलं शिकता शिकता शाळेची आणि गावाची खरी कामं करतात, हा त्याचा गाभा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने जगात फॅबलॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या छोट्या कार्यशाळा, उघडायला सुरुवात केली तेव्हा अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक 2002 साली पाबळलाच आली.

त्याच्याही मागे जायचं तर 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हस्तोद्योगातून शिक्षणाचीच होती.

वेळापत्रकात तास कुठून आणायचा?

कार्यानुभवाचा तास आहेच, तो बहुतेक शाळांत गणिताच्या जादा तासाला जातो. तो परत घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना घालवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना या दोन्ही गोष्टी हाताशी ठेवा.

कारागीर शोधायला लांब जावं लागत नाही. पंक्चरवाला, मोटार रिवाइंडिंग करणारा, फॅब्रिकेशनवाला, ताई-माई ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्या. त्यांना मानाने बोलवा, खुर्ची द्या, शक्य असेल तर मानधनही द्या. ‘गणपतकाका काय शिकवणार’ असं मुलांच्या मनात असतं आणि काका गुणिया न लावता नजरेने काटकोन धरतात तेव्हा ते निघून जातं. मग मुलांना गुणिया लावून तो तपासू द्या.

सुरक्षेचं काय?

काही गोष्टी ठाम ठरवून टाका. भिंतीवरच्या प्लगची 230 व्होल्टची वीज मुलांच्या कोणत्याही कृतीत वापरायची नाही, सगळं दीड व्होल्टच्या सेलवर किंवा फार तर 9 व्होल्टच्या बॅटरीवर. पवनचक्कीचा फॅन शिक्षकांनीच लावायचा आणि त्याला जाळी हवीच. मोबाईलची जुनी, फुगलेली बॅटरी वर्गात येता कामा नये. बटणसेल मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. लहान भावंडाने तो गिळला तर थोड्या वेळात अन्ननलिकेला गंभीर भाजतं, अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात न्यायचं, हे पालकांनाही सांगून ठेवा.

एलईडी 9 व्होल्टच्या बॅटरीला थेट लावला तर जळतो. मधे 330 ते 470 ओहमचा रोध (रेझिस्टर) घाला.

कापताना पट्टी धातूची, हात पट्टीच्या मागे आणि कटर शिक्षकांच्या टेबलावरच. ग्लू गनने भाजलं तर जागा वाहत्या गार पाण्याखाली बराच वेळ धरायची, टूथपेस्ट लावायची नाही. तार कापताना डोळ्यांना चष्मा. एवढं पाळलं तर घाबरून काम बंद ठेवायची गरज नाही.

गुण कसे द्यायचे?

वस्तूला कमी, नोंदवहीला जास्त. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत गटाने काय बदललं आणि का, हे ज्या वहीतून कळतं ती चांगली वही. खाडाखोड असू द्या. फेअर करून आणायला सांगू नका, फेअर करताना मुलं नेमका चुकलेला भाग गाळतात.

स्पर्धांना पाठवावं का?

मुलांना स्वतःहून जायचं असेल तर पाठवा. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत मुलांनी स्वतःची कल्पना मांडायची असते आणि निवड झाली तर प्रारूप करायला 10,000 रुपये मिळतात, हे घरच्या परिस्थितीमुळे मागे राहणाऱ्या मुलांसाठी फार उपयोगाचं आहे. फक्त कल्पना मुलाचीच असू द्या. शेतातून ऊस आणताना आजीच्या डोक्याला रुततो, एवढ्या छोट्या गोष्टीतूनही चांगलं काम उभं राहतं.

दहावीच्या मार्कांना याचा काय उपयोग?

थेट नाही, आणि तसं वचन आम्ही पालकांना देत नाही. बल, दाब, कार्य, विद्युतधारा हे धडे मुलाला परके वाटत नाहीत, एवढं मात्र शिक्षक सांगतात. घरातला मिक्सर उघडून बघायचं धाडस मुलीला येतं, हा उपयोग आम्हाला मार्कांहून लहान वाटत नाही.

केलेल्या वस्तूंचं आणि उरलेल्या सामानाचं काय करायचं?

फोटो काढून, नोंद झाली की सोडवा. काड्या, ट्यूबचे तुकडे, आस, चाकं पुढच्या गटाला लागतात. एखाद-दुसरा मोडलेला पूल वर्गात ठेवा, जिथून गेला तिथे लाल दोरा बांधून. सिरिंजमधलं पाणी काढून पिस्टन वेगळे वाळवा, नाहीतर रबर आत चिकटून बसतं. मोटारींचे सेल काढून ठेवा, आत राहिले तर पाझरतात. सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरून झाकणाच्या आतल्या बाजूला वस्तूंची यादी आणि संख्या चिकटवा, आणि पेटीची जबाबदारी दर महिन्याला वेगळ्या गटाकडे द्या.